चौथ्यांदा

कुपवाड एमआयडीसी, पहाटेचे पावणेपाच.
पहिल्या पाळीचा उपमा
अजून पोत्यातच, नुसता रवा,
आणि मोठ्या शेगडीवर लाल दिवा.

आदगोंडामामा म्हणतात, "परवापासनं असंच करायलंय.
टकटक टकटक. पेटतंय.
पाच मोजूस्तोवर परत गप.
शाहीनताई, काडी लावू का?"

त्यांच्या डाव्या भुवईचे केस
जुन्या भट्टीनं नेले, ते परत आले नाहीत.
तरी खिशात काडेपेटी असतेच,
अंगाऱ्याच्या पुडीसारखी.

थांबा मामा. आधी दार उघडा,
खालच्या जाळीवरचं पोतं काढा.
हा गॅस हवेपेक्षा जड,
जमिनीलगत बसून राहतो
उधारी मागायला आल्यासारखा.

मग मी खाली बसते, पाना आणि बॅटरी घेऊन.
बटण दाबल्यावर आधी पंखा फिरतो,
पोकळीतलं शिळं सगळं बाहेर हाकलतो.
मग चिनीमातीच्या नळीतून आलेली तार,
तिचं टोक आणि बर्नरचा ओठ
यांच्यात चार मिलिमीटरची खिंड.
तेवढ्यात हजारो व्होल्ट उडी मारतात.
झडप उघडते. भप्.

आपण इथं निर्धास्त होतो.
यंत्र होत नाही.
ठिणगी पडली म्हणजे पेटलं, असं ते धरत नाही.
जाळात दुसरी एक कांडी उभी असते,
तिच्यातून ते मुंगीच्या पावलाएवढी वीज सोडतं
आणि पलीकडे पोचते का बघतं.
जाळ असेल तर पोचते.
जाळातून वीज जाते, हे मला कळलं
मिरजेच्या आयटीआयत, दुसऱ्या वर्षाला.
त्या रात्री घरी चहाचं आधण ठेवून
मी नुसती बघत उभी राहिले. पाणी आटलं.
अम्मी म्हणाली, काय झालं गं?

अब्बांच्या सोळा बत्त्या होत्या, भाड्याच्या.
वराती, उरूस, तमाशाचा फड.
मेंटल बांधायचे, पंप मारायचे,
कान जवळ नेऊन सुईचा आवाज ऐकायचे.
बत्ती नीट लागली की नाही
हे डोळ्यांनी बघायचेच नाहीत.
आता त्याच कानांना हाक पोचत नाही.

इथं तसंच काहीतरी.
मामांना जाळ दिसतो, मला दिसतो,
फक्त यंत्राला कळत नाही.
कांडीवर काळा कडक थर:
उतू गेलेली आमटी, दूध, गेल्या दिवाळीचा पाक.
झीरो नंबरचा पॉलिश पेपर, हलक्या हातानं.
काजळीखालून धातू निघतो.
फरशीवर रोज पाइप मारून मारून
अर्थिंगचा स्क्रूही गंजलाय. तो बदलते.

"तीनदा टकटक करतंय आणि बंद पडतंय," मामा म्हणतात,
"तीनदाच का? चारदा केलं तर काय बिघडतंय?"

तोवर आत गॅस साठलेला असू शकतो, मामा.
म्हणून तीनदा ते आपलं आपण विचारतं.
चौथ्यांदा विचारायला माणूस लागतो.
येऊन, वास घेऊन, बघून
हे बटण दाबणारा.

दाबा.

पंखा. टकटक. भप्.
आम्ही दोघंही मनात मोजतो.
पाच. सात. बारा.
निळा जाळ, टोकाला थोडा पिवळा, मग तोही निळा.
विसाव्यानंतर मामा मोजायचं सोडून
कढईत तेल ओततात.

मोहरी तडतडेपर्यंत मी थांबते.
ते काडेपेटी काढतात, एक काडी निवडतात,
आणि तिनं कान कोरत कोरत
बिलावर सही करतात.

माझा फोन लागतो घरी. वाजून वाजून कट होतो.
परत लावते.
वाजून वाजून कट.
गाडीला किक मारायच्या आधी अजून एकदा.

बाहेर उजाडतंय, पाळीचा भोंगा व्हायचाय.
मिरजेला पोचायला वीस मिनिटं.